दोन देशांच्या श्रमशक्तीची तुलना कशी करावी: भारत आणि चीन यांच्या आकड्यांच्या आधारे

एप्रिल २०२३ मध्ये भारताची लोकसंख्या चीनपेक्षा जास्त झाली, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. तेव्हापासून ‘मग काम करणारे हात आता कोणाकडे जास्त?’ हा प्रश्न अग्रलेखांत, स्पर्धा परीक्षांच्या तयारीत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत वारंवार येतो. त्याचे उत्तर एका ओळीत देता येते: चीनकडे, आणि तेही बऱ्याच फरकाने. जागतिक बँकेच्या माहितीसंचानुसार चीनची श्रमशक्ती ७७-७८ कोटींच्या घरात आहे, तर भारताची ६० कोटींच्या आसपास. १९९० मध्ये मात्र भारताची श्रमशक्ती चीनच्या जेमतेम निम्मी होती. पण हे अंतर कधी, किती वेगाने आणि कशामुळे कमी झाले हे सांगायचे म्हटले की काम अवघड होते, कारण आलेखावर या दोन देशांच्या रेषांमध्ये जे ठळक चढउतार दिसतात त्यांतले काही मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आलेले आहेत आणि माणसांच्या प्रत्यक्ष कामाशी त्यांचा फारसा संबंध नाही. अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या, पण टक्केवारी समजणाऱ्या आणि एक्सेल हाताळता येणाऱ्या वाचकाला ही तुलना स्वतः नीट करता यावी, यासाठी पुढच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: प्रश्न नेमका काय आहे ते लिहून काढावे

‘श्रमशक्तीची तुलना’ या शब्दांत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, दोन्ही देशांत प्रत्यक्ष किती माणसे श्रमशक्तीत आहेत. दुसरा, त्या-त्या देशातील प्रौढ लोकसंख्येपैकी किती टक्के लोक श्रमशक्तीत आहेत, ज्याला श्रमशक्ती सहभाग दर म्हणतात. तिसरा, ठरावीक काळात श्रमशक्ती किती वाढली किंवा घटली. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परविरोधी वाटू शकतात, आणि त्यात काहीही चूक नसते: चीनची श्रमशक्ती संख्येने मोठी आहे, चीनचा सहभाग दरही जास्त आहे, पण १९९० पासूनची वाढ भारताची कितीतरी अधिक आहे. आपल्याला यांपैकी कोणते विधान करायचे आहे हे आधी ठरवले नाही, तर शेवटी तिन्हींची सरमिसळ होते.

पायरी २: श्रमशक्तीत कोण धरले जाते ते समजून घ्यावे

श्रमशक्ती म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे, दोघांची बेरीज. बेरोजगार माणूस श्रमशक्तीच्या आत असतो, बाहेर नव्हे; नवख्या अभ्यासकाचा पहिला गोंधळ बहुधा इथेच होतो. विद्यार्थी, निवृत्त, घरकाम करणाऱ्या व्यक्ती आणि काम न शोधणारे लोक बाहेर असतात. चीनच्या बाबतीत ही काळजी दुपटीने घ्यावी लागते, कारण तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा काम करणाऱ्यांचा आहे, श्रमशक्तीचा नाही. २०२० मध्ये या दोहोंतला फरक तीन कोटींहून अधिक होता. चीनचे काम करणारे आणि भारताची श्रमशक्ती यांची तुलना केली, तर भारताच्या बाजूने फुकटचे तीन कोटी जमा होतात.

‘काम करणारा’ कोणाला म्हणायचे, यावर भारतात बराच विचार झालेला आहे. प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या १९७० च्या अहवालानंतर, १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने एकाच माणसाची स्थिती वेगवेगळ्या कालावधींच्या कसोट्यांवर नोंदवायला सुरुवात केली. आजच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातही, म्हणजे पीएलएफएसमध्ये, दोन कसोट्या महत्त्वाच्या आहेत. ‘नेहमीची स्थिती’ ठरवताना मागचे ३६५ दिवस पाहिले जातात: वर्षाचा मोठा भाग व्यक्तीने काय केले ती तिची मुख्य स्थिती, आणि त्याशिवाय तिने किमान ३० दिवस एखादे आर्थिक काम केले असेल तर ती दुय्यम स्थिती. ‘चालू साप्ताहिक स्थिती’साठी मात्र फक्त मागचे सात दिवस पाहिले जातात आणि त्यांत एक तास काम केले असले तरी व्यक्ती कामावर धरली जाते.

या नियमांचा परिणाम किती होतो, हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या स्त्रीचे उदाहरण घेतले की स्पष्ट होते. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरतो आणि उचलही जोडीलाच देतो. सर्वेक्षणात मात्र ती दोन स्वतंत्र माणसे असतात. दिवाळीच्या आगेमागे निघून ती साधारण पाच महिने फडावर राहते. उरलेले सात महिने गावी ती घर सांभाळते, सरपण आणते, पण मजुरी करत नाही आणि शोधतही नाही, असे समजू. मुख्य स्थितीनुसार ती श्रमशक्तीच्या बाहेर आहे, कारण वर्षाचा मोठा भाग घरकामात गेला. सर्वेक्षणाच्या भाषेत तिला ९३ हा संकेतांक मिळेल, जो घरकामासोबत सरपण-चारा गोळा करणाऱ्यांसाठी आहे. केवळ घरकाम असेल तर ९२. दुय्यम स्थिती जोडली की तीच स्त्री रोजंदारीवरील मजूर म्हणून श्रमशक्तीत येते. आणि साप्ताहिक कसोटी लावली, तर सर्वेक्षक जानेवारीत आला की ती आत आणि जुलैमध्ये आला की बाहेर. तिने घरी एक म्हैस पाळून दूध डेअरीला घातले असते, तर चित्र पुन्हा बदलले असते. ती घरच्या व्यवसायातील विनावेतन मदतनीस म्हणून २१ या संकेतांकात गेली असती. अशा कोट्यवधी स्त्रियांना कोणत्या रकान्यात टाकायचे, यावर भारताच्या श्रमशक्तीचा आकार पाच-दहा कोटींनी बदलू शकतो.

चीनमध्ये वयाची अट १६ वर्षांपासून सुरू होते आणि कसोटी आठवड्यातील एक तासाची आहे. त्यामुळे भारताचे चीनशी तुलना करण्याजोगे माप साप्ताहिक स्थितीचे, असे तत्त्वतः म्हणता येते. पण भारताची जुनी मालिका बहुतेक नेहमीच्या स्थितीवर उद्धृत होते. यावर सरळ तोडगा नाही. जे माप घ्याल ते शेवटपर्यंत तेच ठेवा आणि आलेखाखाली लिहा.

पायरी ३: स्रोत निवडावा, आणि एकच निवडावा

सुरुवात करणाऱ्याने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रतिमानाधारित अंदाजांपासून सुरुवात करावी. ते संघटनेच्या आयएलओस्टॅट या संकेतस्थळावर मिळतात आणि जागतिक बँकेच्या माहितीसंचातही तीच मालिका दिलेली असते. ती १९९० पासून सुरू होते. तिचा फायदा असा की दोन्ही देशांना शक्य तितकी एकसारखी व्याख्या आणि १५ वर्षे व त्यावरील हाच वयोगट लावलेला असतो. तोटा असा की ज्या वर्षी त्या देशात सर्वेक्षणच झाले नाही, त्या वर्षाचा आकडाही तिथे असतो, कारण तो संगणकीय प्रतिमानाने भरून काढलेला असतो. भारतात २०१७ पूर्वी मोठी रोजगार सर्वेक्षणे साधारण पाच वर्षांनी होत असत: १९८३, १९८७-८८, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५, २००९-१०, २०११-१२. त्यामुळे २००७ चा भारताचा आकडा कितीही दशांशांपर्यंत दिलेला असला, तरी त्याच्यामागे मोठे सर्वेक्षण नाही, दोन सर्वेक्षणांमधली जोडणी आहे, हे ध्यानात ठेवावे.

जागतिक बँकेकडे सहभाग दराचे दोन संच आहेत: एक प्रतिमानाधारित आणि दुसरा ‘राष्ट्रीय अंदाज’ या नावाचा. दुसऱ्यात फक्त प्रत्यक्ष सर्वेक्षणांचे आकडे असतात आणि मधली वर्षे रिकामी असतात. माझे मत असे की दोन्ही उतरवून घ्यावेत. मोजणी पहिल्यावर करावी आणि दुसऱ्याने पडताळावी. रिकाम्या जागा पाहिल्या की पहिल्या संचातल्या गुळगुळीत रेषेवर किती विश्वास ठेवायचा ते आपोआप कळते.

मुंबईच्या सीएमआयई या खासगी संस्थेचे आकडेही वर्तमानपत्रांत वारंवार येतात. तिच्या पाहणीत माणूस त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कामावर होता का, हे पाहिले जाते. वर्षभराच्या आठवणीवर भर नसतो. परिणामी तिचा सहभाग दर ४० टक्क्यांच्या आसपास असतो, तर सरकारी सर्वेक्षणाचा त्याहून बराच वर. दोन्हींपैकी खोटे कोण, असा वाद रंगवण्यात अर्थ नाही, कारण प्रश्नच वेगळे विचारलेले आहेत. पण चीनशी तुलना करताना हा संच वापरू नये. त्याला समांतर असे चीनकडे काही नाही.

पायरी ४: फाइल उतरवून एकके जुळवावीत

जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर ‘एकूण श्रमशक्ती’ हा निर्देशक निवडून सीएसव्ही फाइल उतरवली, की पहिल्या काही ओळींत स्रोताचे नाव आणि शेवटच्या अद्ययावतीकरणाची तारीख असते. शीर्षकांची खरी ओळ पाचवी. एका देशाला एक ओळ आणि एका वर्षाला एक रकाना अशी रचना असते. रकाने १९६० पासून सुरू होत असले तरी १९८९ पर्यंतचे कोरे असतात, म्हणून फाइल बिघडली आहे असे समजू नये. भारत आणि चीन यांच्या ओळी वेगळ्या पानावर घेऊन त्यांची मांडणी उभी करावी, म्हणजे वर्षे खाली खाली येतील आणि आलेख काढणे सोपे होईल. अद्ययावतीकरणाची तारीख पुसू नये. ती का लागते ते पुढे येईल.

एककांचा घोळ चिनी स्रोत वापरताना हमखास होतो. चीनच्या सांख्यिकी वार्षिकीत माणसांची संख्या दहा हजारांच्या एककात देतात. २०२३ मधील काम करणाऱ्यांचा आकडा तिथे ७४,०४१ असा छापलेला आहे. त्याला हजाराने भागले की थेट कोटी मिळतात: ७४.०४ कोटी. जागतिक बँक पूर्ण संख्या देते, तिला एक कोटीने भागावे. आणि दशलक्षात दिलेल्या आकड्याला दहाने. सगळे कोटींत आणल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी ५: मालिकेतले सांधे शोधावेत

ही या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच गाळली जाते. सांधा म्हणजे मालिकेतले ते वर्ष, जिथे मोजण्याची पद्धत, आधारभूत जनगणना किंवा व्याख्या बदलली.

चीनच्या सांख्यिकी वार्षिकीत काम करणाऱ्यांची संख्या १९८९ मध्ये ५५.३३ कोटी आहे आणि १९९० मध्ये ६४.७५ कोटी. एका वर्षात ९.४२ कोटी, म्हणजे १७ टक्के वाढ. असे काही घडलेले नव्हते. १९८९ पर्यंतचे आकडे मुख्यतः प्रशासकीय अहवालांवरून बेरजेने काढलेले होते. १९९० च्या जनगणनेत घरोघरी विचारल्यावर त्या बेरजेत न येणारे कामकरी लोक मोठ्या संख्येने आढळले, आणि १९९० पासून मालिका जनगणनेच्या आधारावर उभी करण्यात आली. मागची वर्षे मात्र जशीच्या तशी राहिली. आलेखावर ही वाढ एका सरळ कड्यासारखी उभी दिसते, आणि तिच्यावर ‘आर्थिक सुधारणांमुळे रोजगाराचा स्फोट’ असे शीर्षक चढवण्याचा मोह कोणालाही होईल.

दुसरा सांधा अलीकडचा, आणि त्याहून फसवा आहे. २०२० च्या जनगणनेनंतर चीनने २०११ ते २०१९ या वर्षांचे आकडे मागे जाऊन सुधारले. २०१९ चा जुना आकडा ७७.४७ कोटी होता, तो ७५.४५ कोटी झाला. दोन कोटींहून अधिक माणसे कागदावरून कमी झाली. समजा, एखाद्याने २०१८ चा आकडा घरातल्या जुन्या वार्षिकीतून घेतला, म्हणजे ७७.५९ कोटी, आणि २०२० चा नव्या वार्षिकीतून, म्हणजे ७५.०६ कोटी. त्याला दोन वर्षांत अडीच कोटींची घसरण दिसेल आणि तो तिचे खापर करोनाच्या साथीवर फोडेल. सुधारित मालिकेत २०१८ चा आकडा ७५.७८ कोटी आहे. खरी घट ७२ लाखांची. इतकेच नव्हे, तर जुन्या मालिकेत काम करणाऱ्यांची संख्या २०१७ मध्ये सर्वोच्च होती आणि नव्या मालिकेत ती २०१४ मध्ये, ७६.३५ कोटींवर पोहोचून मग उतरू लागते. म्हणजे चीनमधील उतार कधी सुरू झाला, या मूलभूत प्रश्नाचे उत्तरच तीन वर्षांनी मागे सरकले.

भारतातील ठळक सांधा २०१७ चा. पाच वर्षांनी होणारी रोजगार सर्वेक्षणे बंद होऊन एप्रिल २०१७ पासून पीएलएफएस सुरू झाले. कुटुंबे निवडण्याची पद्धतही बदलली. त्यामुळे २०११-१२ आणि २०१७-१८ यांची तुलना जपून करावी, असे अनेक अर्थशास्त्रज्ञ सांगतात. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसचाही आराखडा बदलला आणि दरमहा आकडे येऊ लागले. एप्रिल २०२५ च्या पहिल्या मासिक पत्रकात १५ वर्षांवरील सहभाग दर ५५.६ टक्के होता. २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो ६०.१ टक्के होता. साडेचार टक्के लोक घरी बसले का? तसे नाही, पहिला आकडा साप्ताहिक स्थितीचा आहे आणि दुसरा नेहमीच्या स्थितीचा.

सांधे शोधण्याची एक साधी युक्ती आहे. प्रत्येक वर्षाची मागच्या वर्षाशी टक्केवारीतील वाढ एका रकान्यात काढावी आणि तीन टक्क्यांहून मोठा कोणताही बदल रंगवून ठेवावा. एवढ्या मोठ्या देशांची श्रमशक्ती एका वर्षात तीन टक्क्यांनी हलायला युद्ध, टाळेबंदी असे काही तरी असामान्य घडावे लागते. तसे काही सापडत नसेल, तर त्या वर्षीच्या तक्त्याखालच्या तळटीपा वाचाव्यात. उत्तर बहुतेक वेळा तिथेच बारीक अक्षरांत दिलेले असते. छोटे सांधे मात्र या चाळणीतून निसटतात, म्हणून तळटीपा एरवीही वाचाव्यात.

सांधा सापडल्यावर काय करावे? सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्याच्यापलीकडची वर्षे तुलनेत घेऊच नयेत. म्हणूनच चीनची तुलना १९९० पासून सुरू केलेली बरी. दुसरा मार्ग, ज्या वर्षासाठी जुना आणि नवा असे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत त्या वर्षाचे गुणोत्तर काढून जुनी मालिका त्याने गुणावी. २०१९ साठी हे गुणोत्तर ७५.४५ भागिले ७७.४७, म्हणजे ०.९७४ येते. पण जुन्या मालिकेतली चूक प्रत्येक वर्षी त्याच प्रमाणात होती, असे यात गृहीत धरले जाते. चीनच्या बाबतीत ते खरे नाही, कारण चूक जनगणनेपासून दूर जाताना वर्षागणिक वाढत गेली होती. सांख्यिकी कार्यालयाने स्वतः सुधारलेली मालिका दिली असताना आपण गुणाकार करत बसू नये.

पायरी ६: वय, वर्ष आणि भूभाग जुळवावेत

वयोगटाचा फरक सर्वांत मोठा पडतो. २०१७-१८ मध्ये भारताचा सहभाग दर सर्व वयांसाठी ३६.९ टक्के आणि १५ वर्षांवरील लोकांसाठी ४९.८ टक्के होता. दोन्ही आकडे त्याच अहवालात आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. शिवाय चीनची ‘कार्यवयातील लोकसंख्या’ अनेकदा ५९ वर्षांपर्यंतच मोजतात, भारतात वरची मर्यादा सहसा घालत नाहीत.

वर्षाचे म्हणाल तर पीएलएफएसचे वर्ष २०२३-२४ पर्यंत जुलै ते जून होते, आणि चीनचे आकडे वर्षअखेरचे असतात. दीर्घ काळाच्या तुलनेत याने फारसे बिघडत नाही. २०२० मात्र अपवाद, कारण जुलै २०१९ ते जून २०२० या भारतीय सर्वेक्षण-वर्षाची शेवटची तिमाहीच टाळेबंदीत गेली. चीनच्या आकड्यांत हाँगकाँग, मकाव आणि तैवान नसतात. भारतीय सर्वेक्षणात लष्कराच्या बराकी नसतात. या बाबी एकदा नोंदवाव्यात आणि पुढे जावे.

पायरी ७: दरावरून माणसांची संख्या काढावी

पीएलएफएसचा भर दरांवर आहे. माणसांची संख्या हवी असेल तर तो दर लोकसंख्येने गुणावा लागतो, आणि इथे भारताची अडचण अशी की शेवटची जनगणना २०११ ची आहे. तेव्हा लोकसंख्या १२१ कोटी होती. त्यानंतरचे सगळे आकडे प्रक्षेपण, म्हणजे जनगणनेवरून पुढे काढलेले अंदाज, आहेत. सर्वेक्षणाच्या नमुन्यावरून थेट मिळणारी लोकसंख्या जनगणनेच्या प्रक्षेपणापेक्षा कमी भरते, म्हणून अभ्यासक दर सर्वेक्षणाचा आणि लोकसंख्या प्रक्षेपणाची अशी जोडी वापरतात.

उदाहरणादाखल १५ वर्षांवरील लोकसंख्या १०५ कोटी धरली, तर ६०.१ टक्क्यांनी श्रमशक्ती ६३.१ कोटी येते. लोकसंख्या १०३ कोटी धरली, तर ती ६१.९ कोटी होते. केवळ गृहीतकामुळे १.२ कोटी माणसांचा फरक पडला. आणि दर नेहमीच्या स्थितीऐवजी साप्ताहिक स्थितीचा, म्हणजे ५५.६ टक्के घेतला, तर १०५ कोटींवर उत्तर ५८.४ कोटी येते. म्हणून ‘भारताची श्रमशक्ती ६३ कोटी १० लाख ५० हजार’ असे लिहिणाऱ्याचा आव कितीही काटेकोरपणाचा असला तरी त्याच्या हातात तेवढी अचूकता नाही. ‘५८ ते ६३ कोटी, मापानुसार’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक आहे. चीनशी असलेले अंतर या पट्ट्याहून बरेच मोठे असल्याने मूळ निष्कर्ष टिकतो. पण अंतर नेमके किती, हे सांगताना हा पट्टा सांगितलाच पाहिजे.

पायरी ८: आलेख प्रश्नानुसार निवडावा

एकाच आकडेवारीतून तीन आलेख काढावेत. पहिल्यात दोन्ही देशांची श्रमशक्ती कोटींत, उभा अक्ष शून्यापासून. दुसऱ्यात १९९० ला १०० मानून दोन्हींचे निर्देशांक: इथे भारताची रेषा १८० च्या आसपास आणि चीनची १२० च्या आसपास गेलेली दिसेल. तिसऱ्यात भारताची श्रमशक्ती भागिले चीनची, टक्क्यांत. मला हा तिसरा आलेख सर्वांत उपयोगी वाटतो, कारण ‘अंतर किती कमी झाले’ या प्रश्नाचे उत्तर तो एकाच रेषेत देतो: सुमारे ५० टक्क्यांपासून ७५ टक्क्यांच्या पलीकडे.

दोन देशांना दोन स्वतंत्र उभे अक्ष, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, असा आलेख काढू नये. अक्षांचे माप हवे तसे ताणून रेषा कुठेही छेदू देता येतात, आणि ‘भारताने चीनला गाठले’ असे चित्र पाहिजे त्या वर्षी उभे करता येते. सांध्याच्या वर्षी तुटक उभी रेघ काढावी. दोन मालिका सलग रेषेने जोडू नयेत.

पायरी ९: बदलाची फोड करावी

श्रमशक्ती ही तीन गोष्टींचा गुणाकार आहे: एकूण लोकसंख्या, तिच्यातील १५ वर्षांवरील लोकांचा वाटा, आणि त्यांचा सहभाग दर. तीन रकाने करून प्रत्येकाची वाढ वेगळी काढली की दोन देशांच्या कथा किती निराळ्या आहेत ते समोर येते.

चीनमध्ये एकूण लोकसंख्या आणि सहभाग दर हे दोन घटक आता साथ सोडत आहेत. १५ ते ५९ वयोगटातील लोकसंख्या २०१२ मध्ये ३४.५ लाखांनी घटून ९३.७ कोटींवर आल्याचे जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ती मोठी बातमी ठरली होती. एकूण लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली. सहभाग दर १९९० च्या सुमारास ऐंशी टक्क्यांच्या जवळ होता, तो आता पासष्ट-सदुसष्टच्या आसपास आहे. या घसरणीचा अर्थ लोक आळशी झाले असा कोणी काढू नये. तरुण शिकू लागले, हे एक कारण: उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणीचे प्रमाण (त्या वयाच्या लोकसंख्येच्या तुलनेत एकूण विद्यार्थी) २०१९ मध्ये ५० टक्क्यांच्या पुढे गेले आणि २०२३ मध्ये ६० टक्क्यांच्या. वृद्धांचा वाटा वाढला, हे दुसरे. निवृत्तीचे वयही लवकरचे होते. पुरुषांना ६०, स्त्रियांना कामाच्या प्रकारानुसार ५० किंवा ५५. सप्टेंबर २०२४ मध्ये झालेल्या निर्णयानुसार ते १ जानेवारी २०२५ पासून पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने ६३, ५५ आणि ५८ पर्यंत नेले जाणार आहे. हा पुढच्या काळातला नवा सांधा आहे, पण तो धोरणाचा, मोजणीचा नव्हे; तो आलेखावर वेगळ्या रंगाने दाखवावा.

भारतात पहिले दोन घटक सतत वर जातात, आणि सगळी गुंतागुंत तिसऱ्यात आहे. पुरुषांचा दर फारसा हलत नाही: २०१७-१८ मध्ये ७५.८ टक्के, २०२३-२४ मध्ये ७८.८. स्त्रियांचा दर मात्र २००४-०५ मधील ४२.७ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये ३१.२ वर आणि २०१७-१८ मध्ये २३.३ वर उतरला, आणि मग २०२३-२४ पर्यंत ४१.७ वर चढला. वीस वर्षांत रेषा खाली जाऊन जवळजवळ होती तिथे परत आली. याच काळात, म्हणजे २०१७-१८ ते २०२३-२४ मध्ये, काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारितांचा वाटा ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला, आणि घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन मदत करणाऱ्या स्त्रिया याच गटात मोडतात. ही वाढ किती प्रमाणात नव्या कामाची आणि किती प्रमाणात आधीपासून चाललेले काम आता नोंदले जाऊ लागल्याची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या लेखात किंवा प्रकल्पात ‘भारतात सहा वर्षांत कोट्यवधी स्त्रिया कामाला लागल्या’ असे सरळ वाक्य लिहिण्यापूर्वी, वाढ कोणत्या संकेतांकात झाली आहे ते अहवालाच्या मागच्या तक्त्यांत पाहून घ्यावे. ९२-९३ मधून २१ मध्ये सरकलेली स्त्री आणि पगारी नोकरीला लागलेली स्त्री, दोघी एकूण श्रमशक्तीत सारख्याच एक-एक धरल्या जातात.

पायरी १०: नोंदी ठेवाव्यात

फाइल कोणत्या दिवशी उतरवली, मालिकेचे पूर्ण नाव काय, वयोगट कोणता, माप कोणते आणि सांधे कोणत्या वर्षी, एवढ्या पाच गोष्टी एक्सेलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आपले अंदाज वेळोवेळी नव्याने काढते आणि तेव्हा मागच्या वर्षांचे आकडेही बदलतात. दोन वर्षांपूर्वी उतरवलेल्या फाइलमधला २०१५ चा भारत आणि आज उतरवलेल्या फाइलमधला २०१५ चा भारत एकसारखे असतीलच असे नाही. भारताच्या पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे, हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. तिचे आकडे आल्यावर २०११ पासूनची सगळी प्रक्षेपणे तपासली जातील आणि २०२० नंतर चीनच्या मालिकेचे जे झाले तसे काही भारताच्या मालिकेचेही होऊ शकते. तेव्हा नवी फाइल जुनीवर चढवू नये; ती वेगळ्या नावाने ठेवावी आणि दोन्हींतले २०११ ते २०२६ चे रकाने शेजारी शेजारी मांडून फरक तपासावा.